जोडघराची भिंत

आमच्या चंद्रपूर शहराच्या जटपुरा दरवाजांतून बाहेर पडून नागपूरच्या रस्त्याला लागलें म्हणजे गेल्या कांहीं वर्षांत एक नवा देखावा नजरेस पडूं लागला आहे. जेथें पूर्वीं शेतें किंवा बाभळीचें रान होतें, तेथें भूखंड पाडून एकमेकांस चिकटलेले बंगले जोडीजोडीनें उभे राहत आहेत. रस्त्यावरून पाहणाऱ्यास तें एकच भलें मोठें घर वाटावें. जवळ गेल्यावर दोन फाटकें, दोन जिने, दोन तुळशीवृंदावनें दिसावीं, आणि मग उमगावें कीं येथें बिऱ्हाडें दोन आहेत, असा हा प्रकार. जाहिरातींत त्यास ‘ट्विन बंगलो’ म्हणतात, आमच्या घरचीं माणसें ‘जोडबंगला’ म्हणतात, आणि ज्या देशांत हा प्रकार जन्मास आला तेथें त्यास ‘सेमी-डिटॅच्ड व्हिला’ म्हणजे अर्धेंच सुटें घर असें नांव आहे. तिन्ही नांवांत हें इंग्रजी नांवच आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतें. ‘जोड’ म्हटलें कीं प्रेमानें जवळ आल्याचा भास होतो. ‘अर्धें सुटें’ यांत मात्र मालकाची खरी इच्छा बोलून दाखविलेली आहे. त्याला पूर्ण सुटें घर हवें होतें, पैसे अर्ध्याचेच होते.

मागच्या वैशाखांत आमच्या एका स्नेह्यांनीं अशाच एका जोडबंगल्याची वास्तुशांति केली. जेवणें झाल्यावर त्यांनीं आम्हांस सारें घर खालपासून वरपर्यंत हिंडून दाखविलें आणि शेवटीं गच्चीवर उभें करून विचारलें, “कां प्रोफेसरसाहेब, कसें काय वाटलें?” पोटांत त्यांचेंच अन्न असतांना जें उत्तर देणें शिष्टाचारास धरून होतें तेंच आम्हीं दिलें. पण परीक्षण करण्याची खोड एकदां लागली कीं ती ग्रंथापुरती राहत नाहीं; वाईट कादंबरी दोन दिवसांत हातावेगळी होते, वाईट घरांत मात्र चाळीस वर्षें काढावीं लागतात. म्हणून तें राहून गेलेलें उत्तर येथें देत आहों. स्नेह्यांस राग आलाच तर पुढच्या पूजेचें आमंत्रण चुकेल, एवढीच भीति.

या घराचें कुळ शोधावयाचें तर लंडनला जावें लागतें. त्या शहराच्या सेंट जॉन्स वुड या भागाचा १७९४ सालचा जो आराखडा प्रसिद्ध आहे, त्यांत जोडीनें उभीं राहणारीं घरें आंखलेलीं आहेत. परंतु या कल्पनेचा विचारपूर्वक पुरस्कार केला तो जॉन क्लॉडियस लाउडन या स्कॉटिश उद्यानशास्त्रज्ञानें. बेझवॉटर भागांत पोर्चेस्टर टेरेस नांवाचा रस्ता आहे. त्यावरील ३ आणि ५ या क्रमांकांचीं घरें लाउडननें १८२३ ते १८२५ च्या सुमारास बांधलीं आणि त्यांतील ३ क्रमांकाच्या घरांत तो १८४३ सालीं मरेपर्यंत राहिला. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली १८३७ सालीं. तेव्हां काटेकोरपणें पाहिल्यास ही जोडी तिच्या अगोदरची ठरते. पण व्हिक्टोरियन म्हणून ओळखलीं जाणारीं हजारों जोडघरें पुढें इंग्लंडभर उठलीं, त्यांची आजी शोभावी अशी हीच जोडी आहे, आणि ती अद्याप उभी आहे.

लाउडन हा शेतकऱ्याचा मुलगा. संधिवातानें त्याचा उजवा हात अधू झाला होता. त्यावर उपाय म्हणून तो ब्रायटन येथें गेला. तेथें पाटण्याकडील शेख दीन महंमद या गृहस्थानें चालविलेलें स्नानगृह चंपीसाठीं विलायतेंत गाजलेलें होतें. लाउडनच्या पत्नीनें लिहून ठेविलें आहे कीं, तेथेंच मर्दन चालू असतांना त्याच्या हाताचें हाड खांद्यापाशीं मोडलें. आपल्याकडची चंपी परदेशांत इतक्या जोरानें चालत असेल अशी कल्पना नव्हती! पुढें १८२५ सालीं तो हात कापूनच टाकावा लागला. म्हणजे हें घर उभें राहत होतें त्याच काळांत घरधनी एका हाताला मुकला. त्यानंतरचीं त्याचीं प्रचंड पुस्तकें दुसऱ्यांच्या हातून उतरलीं. त्याची पत्नी जेन हिची कथा तर कादंबरीसारखीच आहे. बाविसाव्या शतकांतील इंग्लंडची कल्पना करून तिनें १८२७ सालीं ‘द ममी’ नांवाची कादंबरी निनांवी छापली. लाउडननें आपल्या मासिकांत तिचें परीक्षण केलें, लेखक कोणी पुरुष असावा अशा समजुतीनें भेटीची इच्छा प्रकट केली, आणि १८३० सालीं भेट झाल्यावर त्याच वर्षीं विवाहहि झाला. परीक्षणकाराच्या नशिबीं असें फळ क्वचितच येतें. आमच्या नशिबीं बहुधा लेखकाचें रागाचें कार्ड येतें.

आतां घराकडे वळूं. लाउडनपुढें प्रश्न असा होता कीं, दोन मध्यम आकाराचीं घरें एकमेकांस लावून बांधलीं असतां त्यांना एका मोठ्या वाड्याची ऐट कशी आणावी. त्यानें काढलेली युक्ति नामी होती. दोन्हीं घरांचीं प्रवेशद्वारें त्यानें मध्यावर शेजारीशेजारी ठेविलीं नाहींत; तीं दोन टोकांस, बाजूला, नजरेच्या आड नेलीं. आणि जेथें दोन घरांची सीमा येते तेथें, दर्शनी भागाच्या ऐन मध्यावर, काचेच्या घुमटाचें एक गोलाकार वनस्पतिगृह पुढें काढलें. पाहणाऱ्याची दृष्टि प्रथम त्या घुमटावर जाते. इमारतीचा मध्य तो, मान तिकडचा, आणि म्हणून ही इमारत एकाच धन्याची, असें त्याचें मन आपोआप ठरवितें. प्रत्यक्षांत सीमेची भिंत त्या घुमटाशींच येऊन भिडलेली असते. जेथें विभागणी आहे नेमकें तेथेंच ऐक्याचें चिन्ह उभारावयाचें, ही लाउडनची करामत. १८३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या उपनगरी घरांविषयींच्या ग्रंथांत त्यानें हा हेतु मुळींच लपविलेला नाहीं. अशा घराला त्यानें नांवहि ‘डबल डिटॅच्ड व्हिला’ असें दिलें, म्हणजे दुहेरी आणि तरीहि सुटें.

ही लबाडी म्हणावी काय? आमच्या मतें लबाडी आहे खरी, पण कसबाची आहे आणि कांहीं कामाचीहि आहे. कारण तो घुमट नुसता मुकुट नव्हे. वांकडी कांबी वापरून काच बसविण्याची लोखंडी चौकट लाउडननें स्वतः १८१६ सालीं शोधून काढली होती. धुकट आकाशाखालीं जो कांहीं उजेड मिळेल तो झाडांना पोंचविण्याचें काम तो घुमट करतो. म्हणजे ज्या वस्तूनें सीमा झांकली तीच वस्तु घराला उपयोगी पडली. जी खोटी वस्तु स्वतःचें खरें काम करते तिला आम्ही निम्मी शिक्षा माफ करतों.

लाउडननंतरची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १८२९ पासून लंडनच्या रस्त्यांवर घोड्यांची ऑम्निबस धांवूं लागली, मग आगगाडी आली, आणि कचेरीपासून तीनचार मैलांवर बिऱ्हाड करणें कारकुनाच्याहि आटोक्यांत आलें. काचेवरील कर १८४५ सालीं, विटांवरील १८५० सालीं आणि खिडक्यांवरील १८५१ सालीं रद्द झाला. पुढें फुगून आलेल्या मोठमोठ्या खिडक्या त्यानंतरच स्वस्त झाल्या. जोडघरांत आणखी एक गुण होता. दोन घरांच्या शेगड्या पुष्कळदां मधल्या भिंतीला पाठ लावून बसविलेल्या असत आणि त्यांचीं धुरांडीं एकत्र वर जात. अलीकडे कोळसा पेटला कीं भिंत तापे, आणि तिची थोडी ऊब फुकट पलीकडे जाई. उलट बाजूनेंहि तसेंच. इंग्रज शेजारी एकमेकांशीं बोलोत वा न बोलोत, त्यांची भिंत मात्र बोलत असे. ती भिंत किती विटांची असावी हें बांधणाऱ्याच्या मर्जीवर नव्हतें. १६६६ च्या आगीनें लंडन जळाल्यापासून सामाईक भिंतीस कायद्यानें हात घातला होता, आणि १७७४ च्या कायद्यानें तर इमारतींचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गास भिंतीची जाडी ठरवून दिली होती. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. आमच्या स्नेह्यांच्या घरीं परत गेल्यावर तो उपयोगी पडेल.

मग जो इंग्रज स्वदेशीं अर्ध्या घरांत समाधान मानीत होता, त्यानें आमच्या चांद्याच्या मुलखांत येऊन कसलें घर बांधलें? १८५३ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, पुढच्याच वर्षीं चांदा जिल्हा बनला, १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. १८७१ सालीं वरोऱ्याची कोळशाची खाण सुरू झाली. दक्षिणेस, प्राणहितेच्या कांठीं, सिरोंचें हें तर कांहीं काळ एका स्वतंत्र जिल्ह्याचें मुख्य ठाणें होतें. गोदावरीतून आगबोटी चालवून मध्यप्रांताचा कापूस समुद्राला न्यावा अशा महत्त्वाकांक्षेनें तेथें पुष्कळ पैसा ओतला गेला, आणि १८७१ सालीं तें काम सोडून देण्यांत आलें. तेथील डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड याचें नांव आजहि सिरोंच्याजवळच्या ग्लासफोर्डपेठा या खेड्याच्या रूपानें जिवंत आहे. ज्यांना इंग्रजीचें अक्षर येत नाहीं असे तेलुगु बोलणारे शेतकरी तें रोज सहज उच्चारतात. या सर्व साहेबलोकांनीं या अरण्यांत जीं घरें केलीं त्यांत जोडव्हिला आमच्या पाहण्यांत एकहि आलेली नाहीं. साहेबाचा बंगला एकटा. भोंवतीं विस्तीर्ण आवार, आवाराच्या टोकाला नोकरांच्या खोल्या, चारी बाजूंनीं व्हरांडा, उंच कौलारू छप्पर, आणि आलापल्लीकडच्या सागाच्या तुळया. जमीन फुकटासारखी होती हें खरें. पण नुसतें तेंच कारण नव्हतें. लंडनमध्यें दोनशें पौंडांवर काम करणाऱ्याच्या भिंतीला दुसऱ्या तसल्याच माणसाची भिंत लागली तरी त्याची प्रतिष्ठा जात नसे. येथें त्याची प्रतिष्ठा अंतरानेंच मोजली जात होती. बंगल्यापासून फाटकापर्यंत जितकीं पावलें अधिक, तितका अधिकार मोठा.

तरीहि जोडघराचें बीज या जंगलांत पडलें, आणि तें अगदीं अनपेक्षित ठिकाणीं. जुन्या डाकबंगल्यांत आणि जंगलखात्याच्या विश्रामगृहांत ज्यांनीं रात्र काढली असेल त्यांना तो आराखडा आठवेल. मध्यें एक जेवणाची मोठी खोली, तिच्या दोहों बाजूंस एकेक निजण्याची खोली, प्रत्येकीस स्वतंत्र न्हाणी, आणि पुढें दोघांना मिळून एकच व्हरांडा. त्यास ‘दोन सेटांचा बंगला’ म्हणत. एका सेटांत इंजिनियर उतरलेला असावा, दुसऱ्यांत शाळातपासणीस. दोघांची ओळख नसावी. आणि रात्रीं खानसाम्यानें दोघांस एकाच टेबलावर बसवून तीच कोंबडी वाढावी. आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत, परीक्षेच्या कामास गडचिरोलीच्या बाजूला गेलों असतां, अशाच एका टेबलावर एका वनाधिकाऱ्याशीं जो परिचय झाला तो त्यांच्या अखेरीपर्यंत टिकला. सागाच्या झाडाचें वय, बांबूचा फुलोरा, माडिया माणसाचा अबोलपणा, यांविषयीं आम्हांस जें कांहीं कळतें तें त्या व्हरांड्यांतलें आहे. त्या बंगल्याच्या बांधणीनें आम्हां दोघांना एकत्र आणिलें, आणि तेंहि घुमटासारखी कोणतीहि सजावट न करतां. मध्यें जी खोली ठेविली होती ती दोघांच्या गरजेची होती, म्हणून दोघांची झाली.

आमच्या लोकांनीं सामाईक भिंत पाहिलीच नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. उलट तिचा अनुभव आम्हांस विलायतेपेक्षां जुना आहे. फक्त तो उलट्या दिशेनें आलेला आहे. चंद्रपूरच्या कोटाच्या आंत आमचें वडिलोपार्जित घर होतें. आजोबांच्या पश्चात् वडील आणि काका यांच्यांत वाटणी झाली, आणि एका ज्येष्ठ महिन्यांत गवंड्यांनीं ओसरीच्या मधोमध भिंत आणून उभी केली. ती माजघरांतून गेली, देवघराला बगल देऊन परसांत उतरली आणि विहिरीपाशीं येऊन थबकली. विहीर कोणाच्याहि वांट्याला पूर्ण देणें शक्य नव्हतें. तेव्हां विहिरीच्या तोंडावर एक मोठी शिळा आडवी टाकून भिंत तिच्यावरून पुढें नेली. अलीकडे आमचा रहाट, पलीकडे काकांचा. लहानपणीं आम्ही विहिरींत वांकून पाहत असूं तों खालच्या पाण्यांत पलीकडून वांकलेल्या चुलतभावाचें तोंड दिसे. बोलण्याची मनाई होती, म्हणून आम्ही पाण्यांतल्या पाण्यांत एकमेकांना वेडावून दाखवीत असूं. पोर्चेस्टर टेरेसच्या घुमटाविषयीं पहिल्यानें वाचलें तेव्हां आम्हांस ती विहीर आठवली. तेथें दोन घरें होतीं आणि तीं एक दिसावीं म्हणून सीमेवर घुमट बांधला. येथें एकच घर होतें आणि तें दोन दिसावें म्हणून विहिरीवर भिंत घातली. खालीं पाणी मात्र शेवटपर्यंत एकच राहिलें.

या दोन्हीं घरांत मुख्य फरक कोणता? आमच्या भिंतीच्या पलीकडे कोण आहे हें आम्हांस पूर्ण ठाऊक होतें. तो भाऊ होता. भांडलेला असो, पण एका गोत्राचा, एका सुतकाचा. लंडनच्या भिंतीपलीकडे कोणीहि असूं शकत होता. आज एक, उद्यां भाडें संपलें कीं दुसराच. अपरिचित माणसाबरोबर भिंत वांटून घ्यावयाची, त्याच्या शेगडीची ऊब घ्यावयाची आणि आपली द्यावयाची, हीच आमच्या मतें जोडघराची खरी नवलाई आहे. घुमट हा तिचा वेष होय.

आतां स्नेह्यांच्या बंगल्याकडे. त्याच्या दर्शनी भागावर मध्यें एक उंच त्रिकोणी शिखर आहे, त्याखालीं गोल खिडकी आहे, दोन रोमन खांब आहेत. त्या गोल खिडकीमागें खोली नाहीं, उजेड नाहीं, कांहींच नाहीं. मागें पाण्याची टाकी आहे. लाउडनचा घुमट झाडें तरी वाढवीत होता. हा मुखवटा काय वाढवितो? बिल्डरनें विलायती घराचा वेष घेतला आणि त्याच्या पोटांतलें शहाणपण सोडून दिलें.

दुसरा आक्षेप भिंतीविषयीं. ती सामाईक भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे गिलाव्यासकट जेमतेम साडेपांच इंचांची निघाली. वास्तुशांतीच्याच दिवशीं पलीकडच्या रिकाम्या घरांत सुतार खिळे मारीत होता, तो जणूं आमच्या पाटाखालीं मारीत आहे असें वाटत होतें. जी एक भिंत जाड असावयास हवी तीच सर्वांत पातळ, आणि जेथें पैसा ओतला तें शिखर निरुपयोगी.

तिसरा आक्षेप आमच्या उन्हाचा आहे, आणि तो सर्वांत मोठा आहे. चंद्रपुरांत मे महिन्यांत पारा ४७ अंशांपर्यंत, कधीं त्याच्याहि वर जातो. इंग्रजानें मधली भिंत ऊब राखण्यासाठीं वापरली. आम्हांला तीच भिंत ऊन टाळण्यासाठीं वापरतां आली असती. ज्या भिंतीच्या पलीकडे दुसऱ्याचें घर आहे तिच्यावर ऊन पडत नाहीं. तेव्हां जोडी अशी आंखावी कीं एकाची पश्चिमेची बाजू दुसऱ्याच्या पूर्वेच्या बाजूला टेकेल; मग दोहोंपैकीं एकाला तरी उतरतें ऊन मुळींच लागणार नाहीं, आणि दुसऱ्याच्या उघड्या पश्चिमेला न्हाणी, जिना, अडगळ आणि पुढें खोल पडवी देऊन तिलाहि संभाळतां येईल. आमच्या जुन्या घरांना हें कोणी शिकविलें नव्हतें, तरी तीं तशीं होतीं. या बंगल्यांत मात्र पश्चिमेस काचेची भिंतभर खिडकी असून तिच्यासमोर दिवाणखाना आहे. चार वाजतां पडदे ओढून, दिवे लावून, थंड हवेचें यंत्र सुरू करून बसावें लागतें. त्या यंत्राला लागणारी वीज जेथून येते त्या दुर्गापूरच्या औष्णिक केंद्राच्या धुराड्या गच्चीवरून स्पष्ट दिसतात. आपलाच कोळसा जाळून आपणच निर्माण केलेली उष्णता बाहेर काढावयाची, असा हा द्राविडी प्राणायाम आहे.

हे सारे दोष मात्र दुरुस्त होण्यासारखे आहेत. खिडकीवर छपरी काढतां येईल, शिखर पुढच्या रंगकामाच्या वेळीं उतरवितां येईल. ज्याला दुरुस्ती नाहीं असें एक वाक्य आम्हीं त्या गच्चीवर ऐकलें. पलीकडचें घर अजून विकलें गेलें नव्हतें. कोण येणार म्हणून आम्हीं सहज विचारलें, तेव्हां स्नेही हळू आवाजांत म्हणाले, “बिल्डरला सांगून ठेवलें आहे कीं, आपल्यांतलाच कोणी पाहा.” स्नेही सुशिक्षित आहेत, सभांतून भाषणें करतात, आणि तसा विचार त्यांच्या मनांत असेल अशी शंकाहि आम्हांस आली नसती. म्हणजे बंगला लंडनचा, आणि भिंत अजून वाटणीचीच. पलीकडे परका नको, गोत्रज हवा.

चंद्रपूरच्या माणसाला या प्रसंगीं एक दुसरें घर आठवल्यावांचून राहत नाहीं. १९१७ सालीं अमेरिकेंतून उच्च शिक्षण घेऊन परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यास नोकरीसाठीं आले, तेव्हां त्या शहरांत त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी नांव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेंत राहिले, आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या माणसांनीं येऊन त्यांना तेथून बाहेर काढलें. ज्या दोन मित्रांकडे त्यांनीं आश्रय मागितला त्यांनींहि सबबी सांगितल्या. हें सर्व त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. त्यानंतर चारच वर्षांनीं, १९२१ आणि १९२२ सालीं, लंडनच्या किंग हेन्रीज रोड या रस्त्यावरील १० क्रमांकाच्या घरांत ते विद्यार्थी म्हणून राहत होते. तें घर व्हिक्टोरियन काळच्या वस्तींतलें. लंडन कांहीं स्वर्ग नव्हतें, आणि तेथील दारिद्र्यांत त्यांनीं कोणत्या हालांत अभ्यास केला हें सर्वश्रुत आहे. पण तेथें बिऱ्हाड करण्यासाठीं त्यांना नांव बदलावें लागलें नाहीं.

२०१५ सालीं महाराष्ट्र शासनानें तें घर विकत घेऊन तेथें स्मारक केलें. पुढचा भाग आमच्या विषयाला फार लागू आहे. दर्शनास येणाऱ्यांच्या वर्दळीविषयीं शेजारच्या कांहीं रहिवाशांनीं तक्रार केली, राहण्याच्या घराचें संग्रहालय करण्यास तेथील कॅम्डन नगरपालिकेनें २०१८ सालीं परवानगी नाकारली, चौकशी बसली, आणि २०२० सालीं ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यानें स्मारकाच्या बाजूनें निकाल दिला. या वादांत शेजाऱ्यांस दुष्ट ठरविण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. त्यांनीं राहतें घर घेतलें होतें, तीर्थाशेजारचें घर घेतलें नव्हतें. दरवर्षीं १६ ऑक्टोबरला, १९५६ सालच्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ, आमच्या शहरांत जी लोटलेली गर्दी असते ती पाहिलेल्या माणसाला त्यांची काळजी समजते. पण लक्ष्य देण्यासारखी गोष्ट ही कीं, वाद गर्दीचा आणि वापराचा होता. पलीकडे राहणारा माणूस कोणत्या कुळांत जन्मला, हा प्रश्न त्या चौकशीपुढें नव्हता. आमच्या गच्चीवर तोच एक प्रश्न होता.

हा लेख येथवर लिहून ठेवला होता, तोंच परवां स्नेही बाजारांत भेटले. पलीकडचें घर आषाढांत विकलें गेलें. बिल्डरला जसें सांगून ठेविलें होतें तसे कांहीं ते लोक नाहींत. गृहस्थ विजेच्या केंद्रांत नोकरीला आहेत, पत्नी शाळेंत शिकवितात. पहिले दोन महिने जाण्यायेण्याचा संबंध नव्हता. मग भाद्रपदांत झड लागली आणि त्या साडेपांच इंचांच्या भिंतींत वरून पाणी मुरूं लागलें. स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत ओल आली, आणि तितकीच पलीकडेहि आली. गवंडी म्हणाला, एका बाजूनें गिलावा करून उपयोग नाहीं, दोन्हीं गच्च्या मोकळ्या करून द्या. तीन दिवस काम चाललें. कठड्यावरून चहा अलीकडे आला, दुसऱ्या दिवशीं इकडचे पोहे पलीकडे गेले. खर्च निम्मानिम्मा झाला. तरी सिमेंटचीं दोन पोतीं आपल्याकडचीं जास्त लागलीं, असें स्नेही आम्हांस रस्त्यांत थांबवून दोनदां सांगत होते.